उजवीकडची जागा

पडद्यावरची राखाडी आकृती विमान छान उडवत होती. तिला चेहरा नव्हता, केस नव्हते, कपडे नव्हते. रंगवायचा राहून गेलेल्या शाडूच्या पुतळ्यासारखी ती डावीकडच्या खुर्चीत बसली होती. पण बसण्याची ढब अगदी विद्यार्थिनी तस्नीमची होती. तसाच किंचित पुढे झुकलेला खांदा, आणि दर मिनिटाला कानामागे बट सारणारा तो हात. आकृतीला बटच नव्हती, तरी हात जायचा.

“आता बघा, मॅडम,” संगणकाशी बसलेला अभिजात म्हणाला.

कॅप्टन हेमांगी ठोसर खुर्ची पुढे ओढून बसली. विमान धावपट्टीला समांतर, उलट्या दिशेने चाललं होतं. धावपट्टीचं टोक मागे पडलं की डावीकडे वळायचं, मग पुन्हा डावीकडे वळून उतरायला लागायचं. शिकाऊ वैमानिक हे चौकोनी फेरे शेकडो वेळा मारतात. टोक मागे पडलं. आकृती वळली नाही. तिने मान उजवीकडे फिरवली.

उजवीकडे शिक्षकाची खुर्ची होती. एकल उड्डाण असल्याने ती रिकामी होती. आकृती त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. हात जिथल्या तिथे थांबलेले. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद मोजले जात होते. अकरा झाले, मान सरळ झाली आणि जणू काही घडलंच नाही अशा थाटात विमान वळलं.

“हजार फेऱ्यांत दोनशे बारा वेळा,” अभिजात म्हणाला. “कधी या वळणाला, कधी शेवटच्या. शेवटच्या वळणाला वारा जोरात असला तर मात्र...” त्याने दुसरी नोंद लावली.

या खेपेला विमान खाली आलं होतं, वेग कमी होता. वाऱ्याचा झोत बसून पंख कलला. तो सावरायचा होता. आकृती उजवीकडे बघत होती. विमानाचं नाक झुकलं, जमीन फिरत वर आली आणि पडदा काळा झाला. शेवटपर्यंत तिची मान उजवीकडेच होती.

“अशा सहा,” अभिजात म्हणाला.

हेमांगीने त्याला नोंद पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाली, “ती कुणाकडे बघते?”

“कुणी नाहीये तिथे, मॅडम.”

शिकाऊ वैमानिकाला विमानात एकटं सोडण्याआधी शिक्षकाला त्याच्या नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागतं: याला मी शिकवलं आहे, याच जातीच्या विमानात तपासलं आहे, हा एकट्याने जायला तयार आहे. खाली सही, परवाना क्रमांक, तारीख. ती सही नव्वद दिवस चालते, मग पुन्हा तपासून पुन्हा सही. हेमांगीने बावीस वर्षांत एकशे त्रेचाळीस जणांना अशी सही दिली होती आणि एकाही सहीचा तिला पश्चात्ताप झाला नव्हता. ती म्हणायची, शिकवणं सोपं आहे. अवघड काय, तर विमानातून उतरून दार बाहेरून लावणं.

दोन महिन्यांपूर्वी त्या सहीला एक जोड मिळाली होती. विमानात वर्षभरापासून एक छोटं खोकं बसवलेलं होतं. विद्यार्थ्याची नजर कुठे जाते, दांड्यावर बोटांचा दाब किती पडतो, पाय कधी हलतात, श्वास कधी अडतो हे सगळं ते टिपून ठेवी. पंधरा तासांची शिकवणी झाली की या नोंदींतून विद्यार्थ्याचं एक प्रतिरूप तयार होई. त्याला ज्ञान नव्हतं, मन नव्हतं. अमुक दिसलं की अमुक करायचं, एवढ्या सवयींचं ते गाठोडं होतं. पण माणूस विमान उडवतो तो बहुतेक सवयींनीच. हे प्रतिरूप मग संगणकातल्या विमानात एकटं सोडायचं, वारा बदलायचा, ऊन बदलायचं आणि एका सकाळीत हजार फेऱ्या मारून घ्यायच्या. त्यात पास झाल्याशिवाय शिक्षकाच्या सहीला अर्थ नाही, असा नवा नियम होता. धानोऱ्याच्या फ्लाइंग क्लबातली पोरं प्रतिरूपाला ‘जुळं’ म्हणत. “माझं जुळं काल आपटलं रे,” असं म्हणून हसत.

खोकं फक्त डावीकडची खुर्ची बघे. उजवीकडे शिक्षक बसतो. आपली हालचाल आणि आपला आवाज नोंदवायला शिक्षकांच्या संघटनेने हरकत घेतली होती. त्या पत्रावर हेमांगीचीही सही होती.

तस्नीम सतारमेकर मिरजेची. घरात चार पिढ्या सतारी घडत आलेल्या. तिचे अब्बा भोपळा हातात घेऊन नुसत्या टिचकीवर सांगायचे की याचा आवाज पिकलाय की नाही. पोरीने मात्र बारावीलाच सांगितलं होतं, मला विमान उडवायचंय. अब्बांनी आठ दिवस विचार केला आणि म्हणाले, “मग नीट शीक. अर्धवट कारागीर घराला खाली बघायला लावतो.” शनिवारी तिचं पहिलं एकल उड्डाण होतं आणि ते बघायला ते मिरजेहून येणार होते.

गुरुवारी सकाळी हेमांगीने तिला बोलावून पडद्यावरची नोंद दाखवली. आपटणाऱ्या फेऱ्या दाखवल्या नाहीत.

तस्नीमचा चेहरा उतरला. “मॅडम, मी असं करत नाही.”

“तुझ्या नोंदींतूनच आलंय हे.”

“तुम्ही रोज माझ्या शेजारी असता. मी थांबते का अशी? तुम्ही पाहिलंय का कधी?”

हेमांगीने पाहिलं नव्हतं. हीच तर अडचण होती. ती म्हणाली, “चल, विमान काढ.”

दोघी उडाल्या. हवा स्वच्छ होती. हेमांगीने मुद्दाम कमीत कमी बोलायचं ठरवलं. तस्नीमने चार फेरे मारले, चारही सरळ, नेटके. तिसऱ्या फेऱ्यात विमान गावतळ्याच्या अलीकडे होतं. मग एकदम तळं मागे पडलेलं दिसलं. वर वारा जोराचा दिसतोय, एवढंच हेमांगीच्या मनात येऊन गेलं. उतरल्यावर तिने सगळं आठवून पाहिलं. चूक सापडली नाही. तस्नीम कधीही, कुठेही थांबली नव्हती.

तरी तिने सही केली नाही.

“शनिवारचं रद्द कर,” ती म्हणाली. “अब्बांना कळव.”

“काय म्हणून कळवू?” तस्नीमने विचारलं. “की मॅडमना पटलंय, पण मशिनला नाही?”

“मला पटलेलं नाही, असं सांग.”

तस्नीम उभी राहिली, दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, “तुम्ही म्हणाला होतात, सही माणसाची असते.” हे ती रागाने म्हणाली असती तर हेमांगीला बरं वाटलं असतं. ती नुसती आठवण करून द्यावी तसं म्हणाली.

शुक्रवारी दुपारी हेमांगी स्वतःच अभिजातच्या खोलीत गेली. अभिजात लांजेवार हा भंडाऱ्याचा तरुण अभियंता; यंत्रणेबरोबरच तोही क्लबात आला होता. विमानात बसायला घाबरायचा आणि ते लपवायचा नाही. हेमांगीला तो त्यासाठीच आवडायचा.

“दुसऱ्या कुणाच्या जुळ्यात हे दिसतं का?” तिने विचारलं.

अभिजातने चष्मा काढून पुसला. “काल रात्रभर झोपलो नाही, मॅडम. सगळ्यांची तपासली. कॅप्टन डाबऱ्यांच्या अकरा विद्यार्थ्यांत कुणातच नाही.”

“आणि माझ्या?”

“तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांत नाही. गेल्या आठ महिन्यांत तुम्ही तिघांना शिकवलंत. तस्नीम, गौरांग, आणि तो परीक्षेसाठी घरी गेलाय तो. तिघांतही आहे.”

खिडकीबाहेर खांबावरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी ताठ झाली होती. मे महिन्याच्या दुपारी माळावर धुळीचे भोवरे उठतात, तसे दोन-तीन धावपट्टीच्या पलीकडे उठत होते.

“तिघांनी एकमेकांचं बघून...” हेमांगी म्हणाली.

“तिघं एकत्र कधीच उडालेले नाहीत, मॅडम.” तो थांबला. “नेपच्यून कसा सापडला, माहीतच असेल. कुणी बघितला नव्हता. युरेनसची चाल जराशी चुकत होती. हिशेब करणाऱ्यांनी सांगितलं की पलीकडे काहीतरी जड आहे, ते याला ओढतंय. दुर्बीण तिकडे वळवली, तर होता तिथे. मी पण तेच केलं. या तिघांच्या नोंदी यंत्रणेला दिल्या आणि उलटा प्रश्न विचारला. उजव्या खुर्चीत काय असलं म्हणजे ही तिघं अशी वागतील?”

“मग?”

“तिने एक आकृती काढली. तुम्ही नाही म्हणालात तर मी दाखवणार नाही.”

“दाखव.”

पडद्यावर आता दोन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या. डावीकडे तस्नीमची आकृती होतीच. उजवीकडची आकृती तितकी स्पष्ट नव्हती. कडा विरघळल्यासारख्या होत्या, धुक्यात उभ्या असलेल्या माणसासारख्या. पण ती डावा खांदा उतरवून बसली होती, आणि हेमांगीचा हात आपोआप आपल्या डाव्या खांद्याकडे गेला. पंचवीस वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडल्यापासून तिचा स्वतःचा खांदा तसाच उतरलेला होता.

विमान वळणाशी आलं. उजवीकडच्या आकृतीने हनुवटी किंचित हलवून, हेमांगी दर वेळी म्हणते तसं, ‘हं, वळ’ म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही. तिची मान थोडी वर गेली आणि तिथेच राहिली. मांडीवरच्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासू लागला, सावकाश, एका लयीत, बोटाला लागलेलं पीठ झाडावं तसा. डावीकडच्या आकृतीने तिच्याकडे वळून पाहिलं आणि ती वाट बघू लागली. चौदा सेकंद. मग अंगठा थांबला, हनुवटी हलली, विमान वळलं.

हेमांगीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तर्जनीच्या आतल्या बाजूला एक लहानसा घट्टा होता. कधी पडला, ते तिला सांगता आलं नसतं.

“मी दर सहा महिन्यांनी डॉक्टरी तपासणी देते,” ती म्हणाली. तिचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

“जे बारा-चौदा सेकंद टिकतं ते तपासणीत कसं सापडेल, मॅडम? मेंदूत कुठेतरी छोटा विजेचा लोळ उठतो म्हणतात. माणूस पडत नाही, झटके येत नाहीत. नुसता थांबतो. आणि ज्याला होतं त्याला कळतच नाही, कारण कळायला तो तिथे नसतो.” अभिजात खाली बघून बोलत होता. “मी डॉक्टर नाही. चुकलो असेन तर फार बरं होईल.”

तस्नीम बाहेर बाकावर बसून पुस्तक वाचत होती. हेमांगीने तिला आत बोलावलं आणि सरळ विचारलं, “उडताना मी कधी गप्प होते का? मुद्दाम नाही. नुसतीच.”

“हो,” तस्नीम म्हणाली. विचारण्यासारखं त्यात काय आहे, असा तिचा चेहरा होता. “तुम्ही ऐकत असता ना.”

“काय ऐकत असते?”

“इंजिन. मला वाटायचं तुम्ही सूर ऐकताय. अब्बा तार लावताना असेच थांबतात. तेव्हा त्यांना हाक मारायची नसते. म्हणून मी पण थांबते, तुम्ही परत येईपर्यंत. त्याला थांबणं म्हणायचं, असं कधी वाटलंच नाही.”

“परत?”

तस्नीम गोंधळली. “म्हणजे... तुम्ही परत बोलायला लागेपर्यंत. आधी आधी भीती वाटायची. मग सवय झाली.”

“काल झालं होतं?”

“एकदा. तळ्यावर.”

तस्नीमने एकदा हेमांगीकडे, एकदा अभिजातकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं, आणि तिने हाताने तोंड झाकलं.

हेमांगीला तिची कीव आली नाही, स्वतःचीही आली नाही. तिला एकदम दुसरंच काहीतरी आठवलं. ती म्हणाली, “गौरांग कुठे आहे?”

गौरांग पेठकर सकाळी एकटाच निघाला होता, तीन गावांवरून फेरी मारून परत यायला. त्याला एकल उड्डाणाची सही हेमांगीने अडीच महिन्यांपूर्वी दिली होती, जुळ्याची अट लागू व्हायच्या आधी. ती सही अजून चालू होती. अभिजातने त्याच्या आधीच्या एकल फेऱ्यांच्या नोंदी भराभर उघडल्या. नऊ उड्डाणांत दोनदा तो वळणाशी थांबला होता, रिकाम्या खुर्चीकडे बघत. दोन्ही वेळा सकाळची शांत हवा होती, म्हणून काही झालं नव्हतं आणि कुणी पाहिलंही नव्हतं.

“दर वेळी का थांबत नाही?” तस्नीमने विचारलं.

“मॅडम मुद्दाम गप्प बसतात ती शांतता वेगळी आणि ही वेगळी,” अभिजात म्हणाला. “तुम्हाला पोरांना ती ओळखता येते. पण माणूस एकटा असला की दोन्ही सारख्याच; कधी ही वाटते, कधी ती.”

बाहेर वाऱ्याची पिशवी आता फडफडत होती. कॅप्टन डाबरे पुण्याला गेले होते. दुसरा शिक्षक नव्हता.

रेडिओची खोली जिन्यावरून वर होती. हेमांगी पोचली तेव्हा गौरांगचा आवाज येतच होता. तो दहा मैलांवर होता आणि हवा खूप उडवतेय असं सांगत होता. हेमांगीने माइक हातात घेतला. त्याला दुसरीकडे पाठवायला टाकीत तेवढं इंधन नव्हतं. त्याला सगळं सांगावं तर वाऱ्यात विमान सांभाळणाऱ्या पोराच्या डोक्यात भूत सोडल्यासारखं झालं असतं. तिने ठरवलं, आपण बोलत राहायचं. त्याच्या उजवीकडची जागा आवाजाने भरायची.

मग तिच्या लक्षात आलं की तिच्या आवाजावर तिला स्वतःलाच भरवसा ठेवता येत नाही.

“तस्नीम, इथे उभी राहा. माझ्या तोंडाकडे बघ, बाहेर बघू नकोस. मी गप्प झाले तर थांबायचं नाही. समजलं? वाट बघायची नाही. माइक काढून घ्यायचा आणि बोलायचं.”

“मी?”

“तुला सगळं येतं.”

रेडिओवर बोलण्याचं ठरलेलं इंग्रजी तिने बाजूला ठेवलं. “गौरांग, ठोसर बोलतेय. आज मी खालून तुझ्याबरोबर फेरा मारणार आहे. मी सांगेन तसं कर, आणि मी बोलले नाही तर तुला दिसेल तसं कर. माझ्यासाठी थांबू नकोस.”

“ओके, मॅडम,” गौरांग म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्यासारखं हसू होतं. तिचा आवाज ऐकून त्याला बरं वाटलं होतं आणि नेमकी त्याचीच तिला धास्ती वाटली.

विमान दिसलं. वाऱ्यावर तिरकं होऊन ते धावपट्टीला समांतर आलं. टोक मागे पडलं.

“हं, वळ,” हेमांगी म्हणाली. विमान वळलं.

“छान. वेग बघ. नाक थोडं खाली. वारा तुला आत ढकलतोय, शेवटचं वळण लवकर घ्यावं लागेल. मी सांगते.”

पांढरं विमान धुळीच्या पडद्याच्या कडेला आलं. हेमांगीने श्वास घेतला.

विमान धावपट्टीवर होतं. त्याची चाकं टेकलेली होती आणि ते सावकाश चाकांवर सरकत शेडकडे येत होतं. हेमांगीच्या हातात माइक नव्हता. माइक तस्नीमच्या हातात होता. तिच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि ती रडत होती. अभिजात दाराशी भिंतीला टेकून उभा होता. दोघंही हेमांगीकडे बघत होते.

मध्ये काही नव्हतं. अंधारही नव्हता. एका श्वासाच्या आधी विमान हवेत होतं आणि त्याच श्वासाच्या शेवटी ते जमिनीवर होतं.

“किती वेळ?” तिने विचारलं.

“दोन मिनिटं,” अभिजात म्हणाला. “या वेळी जास्त.”

“तो थांबला?”

“थांबला,” तस्नीम म्हणाली. “पंख कलला. मी ओरडले, वळ. तुमच्यासारखं ‘हं’ नाही म्हटलं, नुसतं वळ, वळ म्हटलं. मग वळला.”

गौरांग जिना चढून वर आला तेव्हा त्याच्या ओठांचा रंग गेला होता. “मॅडम, काय झालं मला कळलंच नाही,” तो म्हणाला. “तुम्ही गप्प झालात आणि मी बाजूला बघितलं. मला खरंच वाटलं, तुम्ही बसला आहात.”

हेमांगीने त्याची नोंदवही मागून घेतली. आपली सही होती त्या पानावर तिने दुसरी ओळ लिहिली: वरील शिफारस आज मागे घेत आहे, कारण शिक्षकाची प्रकृती. खाली पुन्हा सही केली. मग ती खाली गेली, स्वतःचा परवाना एका पाकिटात घातला आणि वर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव लिहिलं.

शहरातल्या डॉक्टरांनी अभिजातचंच म्हणणं लांबलचक शब्दांत सांगितलं. डाव्या कानशिलाच्या आत मेंदूवर एक लहानसा व्रण होता, बहुधा त्या जुन्या अपघाताचा, आणि इतकी वर्षं गप्प राहून तो आता जागा झाला होता. गोळ्यांनी आटोक्यात येईल. “पण उडणं नाही,” डॉक्टर म्हणाले. “गाडी चालवणंसुद्धा सध्या नाही.” हेमांगीने मान डोलावली. घरी जाताना मागच्या सीटवर बसून ती रस्त्याकडे बघत होती आणि मनात येत होतं, आठ महिन्यांत मी किती वेळा नव्हते? स्वयंपाक करताना, फोनवर बोलताना, आईच्या श्राद्धाला पाटावर बसले होते तेव्हा? कुणाकुणाला वाटलं असेल, मी ऐकते आहे म्हणून?

तस्नीम आणि गौरांगला पुढे कॅप्टन डाबऱ्यांनी घेतलं. सिल्व्हेस्टर डाबरे वसईचे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. त्यांनी दोघांना एकच नेम घालून दिला: दर वळणाआधी स्वतःच मोठ्याने म्हणायचं, ‘आता मी वळतो’, ‘आता मी वळते’. पोरं खाली हसायची. दोघांना ते अंगवळणी पडायला आठ-आठ तास लागले.

जुलैच्या अखेरीस हेमांगी कपाट रिकामं करायला क्लबात गेली. अभिजातने विचारलं, “मॅडम, ती दुसरी आकृती पुसून टाकू का? तुम्ही सांगाल तसं.”

“आधी एकदा दाखव. एकटीच.”

त्याने लावली आणि तो बाहेर गेला. धुक्यातली आकृती उजव्या खुर्चीत बसून शिकवत होती. डावीकडे कुणी नव्हतं, तरी हनुवटी हलत होती, हात दिशा दाखवत होता. मग मान वर झाली आणि अंगठा बोटावर फिरू लागला. हेमांगी पडद्याकडे झुकली. आकृतीला चेहरा नव्हता. तरी ती त्या कोऱ्या जागेत काहीतरी शोधत राहिली, कुठे गेली असेल याची एखादी खूण. तिच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखून वाट बघतोय, अगदी त्या पोरांसारखी.

आकृती परत आली आणि तिने पुन्हा शिकवायला सुरुवात केली. हेमांगीने पडदा बंद केला आणि अभिजातला सांगितलं, “पुसून टाक.”

तस्नीमच्या नव्या जुळ्याने हजारात तीनदा मान वळवली, प्रत्येक वेळी दोन सेकंद. एकदाही आपटलं नाही. यंत्रणेने पास दिला. डाबऱ्यांना मात्र ते तीन डाचत होते. ते हेमांगीच्या घरी आले. “तू काय केलं असतंस, हेमांगी?” त्यांनी विचारलं.

“मला विचारू नकोस, डाबरे. सही तुझी आहे.”

“तीनदा तरी बघते ती.”

“माहीत आहे.”

डाबरे दोन दिवस विचार करत राहिले, आणखी एकदा तिच्याबरोबर उडून आले आणि मग त्यांनी सही केली.

त्या सकाळी तस्नीमचे अब्बा कुंपणापाशी हेमांगीच्या शेजारी उभे होते. विमान सुरू झालं तेव्हा ते डोळे मिटून इंजिन ऐकत राहिले. डाबरे उतरले, त्यांनी दार बाहेरून लावलं, हात दाखवला. विमान धावलं, उचललं गेलं, लहान झालं. हेमांगी कुणालाही कळणार नाही असं ओठांत पुटपुटत होती: हं, वळ. विमान वळलं. समांतर आलं. धावपट्टीचं टोक मागे पडलं. हं, वळ. ते थोडंसं पुढे गेलं, नेहमीपेक्षा किंचित जास्त, आणि मग वळलं. शेवटचं वळण बरोबर जागेवर आलं. चाकं टेकली.

सगळ्यांनी तिला गराडा घातला, डाबऱ्यांनी परंपरेप्रमाणे बादलीभर पाणी ओतलं, अब्बांनी ओल्या डोक्यावर हात ठेवला. सगळं ओसरल्यावर तस्नीम निथळत्या कपड्यांनी कुंपणापाशी आली.

“मॅडम, मी एकदा बघितलं उजवीकडे.”

“दिसलं मला,” हेमांगी म्हणाली. “मग?”

“जागा रिकामी होती.” तस्नीमने तोंडावरून पाणी पुसलं. “फार रिकामी वाटली. मग मी वळले.”